मोटारीचा श्वास

श्रोतेहो, ज्याच्या घरीं सायकलीपलीकडे वाहन कधीं आलें नाहीं, अशा एका निवृत्त शाळामास्तरानें मोटारीविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस हंसूं येईल. इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें खरें. परंतु तो इतिहास गडांचा, तहांचा आणि लढायांचा. मोटारीच्या बॉनेटवर बसविलेल्या एका पोकळ उंचवट्यालाहि सनावळी असते, हें मला साठी उलटल्यावर कळलें, आणि तें माझ्या भाच्यामुळें.

हा भाचा अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट शहराजवळ, नोकरीस आहे. एका उन्हाळ्यांत माझ्या बहिणीबरोबर मी त्याच्याकडे तीन महिने राहून आलों. त्याच्या गॅरेजमध्यें १९६८ सालची एक मस्टॅंग मोटार आहे. ती त्याच्या जन्मापूर्वींची. पण तिची निगा तो अशी राखतो कीं, पोळ्याच्या बैलाचीहि इतकी राखली जात नसेल. एका शनिवारीं टपालानें एक मोठें खोकें आलें. आंतून करड्या रंगाची, हलकी, एका अंगानें निमुळती व दुसऱ्या अंगानें उघड्या तोंडासारखी दिसणारी वस्तु निघाली. हें काय, असें विचारतां तो म्हणाला, “मामा, हा स्कूप.” मला ऐकूं आलें ‘सूप’, आणि वस्तूचा आकार पाहतां माझ्या कानांनीं फारशी चूक केली नव्हती. पालथें घातलेलें सुपडेंच तें. तोंडांत हात घालून पाहिला, तों चार बोटें आंत जातांच भिंत लागली.

मीं विचारलें, “मग वारा जातो कोठें?”

“कोठेंच नाहीं, मामा. हा शोभेचा आहे.”

हें उत्तर मला पटलें नाहीं, आणि खरें सांगायचें तर त्यालाहि तें सांगतांना थोडें अवघडल्यासारखें झालें. तोंड असून श्वास नाहीं, असा हा प्रकार झाला कसा, याचा शोध घेतां घेतां मी मोटारीच्या इतिहासांत शिरलों.

प्रथम मूळ कारण पाहूं. पेट्रोल जळावयास हवा लागते, आणि ती थोडीथोडकी लागत नाहीं. एक शेर पेट्रोल नीट जाळावयाचें तर वजनानें सुमारें पंधरा शेर हवा लागते. जुन्या मोटारींत ही हवा कार्बुरेटरवरील गाळणीच्या डब्यांतून आंत जाते, आणि तो डबा बॉनेटखालीं, तापलेल्या एंजिनाच्या डोक्यावरच बसविलेला असतो. म्हणजे बिचारें यंत्र स्वतःच्याच चुलीवरची हवा ओढतें. तापलेली हवा विरळ होते, हें आपण शाळेंत शिकलों आहोंत. बाहेरची हवा ३० अंश सेंटिग्रेड आणि बॉनेटखालची ६० अंश धरली, तर प्रत्येकींत २७३ मिळवून ३०३ व ३३३ असें प्रमाण पडतें. म्हणजे आंतली हवा बाहेरच्या हवेहून शेंकडा नवांनीं विरळ. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मीं हें त्रैराशिक भाच्यास मांडून दाखविलें. शक्ति अगदीं तितकीच वाढते असें नव्हे. पण बॉनेटला भोंक पाडून बाहेरचा गार वारा थेट गाळणीपर्यंत नेला, तर एंजिनास कांहीं फुकटचें बळ मिळतें, हें निर्विवाद.

दुसरें एक कारण विक्रेते मोठ्या आवाजांत सांगत. मोटार वेगानें धांवते, तेव्हां समोरचा वारा स्कूपमध्यें धडकून कोंबला जातो आणि एंजिनाची शक्ति वाढते, असा त्यांचा दावा. याला त्यांनीं ‘रॅम एअर’ असें भारदस्त नांव दिलें. आतां याचाहि हिशेब करून पाहा. ताशीं १०० मैल वेगाला वाऱ्याचा हा दाब वातावरणाच्या दाबाच्या शेंकडा सव्वा एवढाच भरतो. आणि ५० मैलांस त्याचा चौथा हिस्सा. तात्पर्य, गुण गारव्याचा असून श्रेय मात्र धडकेला मिळालें. शिवाय नदीचें पाणी जसें कांठाशीं मंद असतें, तसाच बॉनेटच्या पत्र्यालगतचा वारा मंद असतो. बुटक्या स्कूपच्या वांट्यास तो मंद वाराच येतो. खरा जोरकस वारा हवा असेल, तर तोंड उंच उचलावें लागतें, अथवा वाऱ्याचा दाब जेथें साठतो अशी जागा शोधावी लागते. ही गोष्ट ज्यांना कळली, त्यांनीं स्कूप कसे केले, तें पुढें येईलच.

पण ती वस्तु करडी, हलकी आणि लोखंडाची कां नव्हती? त्यासाठीं कांचेच्या इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे. कांचेचे तंतु काढण्याची हौस जुनी आहे. १८९३ सालीं शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांचें नांव जगभर झालें, त्याच प्रदर्शनांत लिबी नांवाच्या कांचकारखानदारानें कांचतंतु व रेशीम यांनीं विणलेला स्त्रियांचा पोषाख मांडला होता. तो कोणी नेसून घरकाम करण्याजोगा खचितच नसेल. खरा उपयुक्त तंतु हातीं लागला तो १९३२च्या सुमारास, ओहायो संस्थानांत, आणि तोहि अपघातानें. ओवेन्स-इलिनॉय कंपनींतील डेल क्लाइस्ट हा तरुण कांचेचे दोन ठोकळे सांधण्याच्या खटपटींत असतां, दाबलेल्या हवेचा झोत वितळलेल्या कांचेच्या धारेवर बसला आणि धारेचे बारीक तंतु होऊन उडाले. गेम्स स्लेटर या त्याच्या वरिष्ठानें त्याचें मर्म ओळखून रीतसर कृति बसविली. १९३८ सालीं ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी याच मालासाठीं निघाली.

नुसते तंतु म्हणजे कापूसच. त्यांना पॉलिएस्टर राळेंत भिजवून वाळविलें, तेव्हां त्यांचें कवच झालें. आपल्याकडे मातीच्या भिंतींत भुसा कालवितात, त्यांतलाच हा विचार; माती भार सोसते आणि भुसा तिला फुटूं देत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या रडारवरील टोपणें या कवचाचीं करीत, कारण रडारच्या लहरी त्यांतून विनासायास जातात. युद्ध संपतांच हा माल होड्या करणारांच्या हातीं पडला. आज आपल्या कोंकणकिनाऱ्यावर कोळी लोक ज्या फायबरच्या होड्या समुद्रांत घालतात, त्याच घराण्याचा भाच्याचा तो स्कूप.

होडीवरून मोटारीवर यावयास वेळ लागला नाहीं. १९४६ सालीं विल्यम स्टाउट यांनीं फायबरग्लासच्या अंगाची एक मोटार तयार केली. ती एकुलती एकच राहिली. पुढें कॅलिफोर्नियांत बिल ट्रिट या होड्या बनविणाऱ्या गृहस्थांनीं ग्लासपार नांवानें मोटारींचीं अंगें ओतावयास आरंभ केला. हें पाहून जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीचे डोळे उघडले. १९५३च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलांत शेव्हरोलेची ‘कॉर्व्हेट’ लोकांपुढें आली, आणि ३० जून १९५३ रोजीं मिशिगनमधील फ्लिंट येथें तिचें उत्पादन सुरू झालें. त्या वर्षीं अवघ्या ३०० गाड्या निघाल्या, सर्व पांढऱ्या. अंगाचे भाग ओहायोंतील अॅश्टब्युला गांवीं रॉबर्ट मॉरिसन यांच्या कारखान्यांत होत. पुढें पोलादी अंग करावें, असा विचार कंपनींत होता. पण पोलादाचा पत्रा दाबावयाचे साचे करण्यास वेळ आणि पैसा अलोट लागतो, आणि शेंकड्यांनींच विकावयाच्या गाडीस तो परवडत नाहीं. १९५५ सालीं तर वर्षभरांत ७०० कॉर्व्हेटच बनल्या. त्या गाडीचें अंग कांचतंतूचें राहिलें, तें कायमचें.

श्रोतेहो, या ठिकाणीं मी थोडा रेंगाळतों, कारण सगळ्या कथेचें बीज मला येथें दिसतें. पोलादी पत्र्यास आकार देणें हें राजाचें काम. त्यास प्रचंड दाबयंत्र लागतें. कांचतंतूस लागतो लाकडाचा किंवा प्लास्टरचा एक साचा, मेण, राळ, कात्री आणि ब्रश. साच्यास मेण चोळावें, वर राळेचा रंगीत थर द्यावा, तंतूंचें जाजम अंथरून तें राळेनें भिजवावें, मधले बुडबुडे रुळानें काढावे. वाळलें कीं उकलून घ्यावें. हें काम आपल्या परसांत कोणीहि मेहनती माणूस करूं शकतो. जें आजवर कारखानदाराचें होतें, तें गल्लींतल्या कारागिराच्या हातीं आलें. अमेरिकेंत शर्यतीच्या हौशी तरुणांनीं याचा पुरेपूर लाभ घेतला.

आतां स्कूपच्या ऐन भराचा काळ. १९६४ सालीं दोन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पॉन्टियॅक कंपनीनें ‘जीटीओ’ ही गाडी काढली. तिच्या बॉनेटवर दोन ऐटबाज स्कूप होते, आणि दोन्ही बंद! त्याच वर्षीं फोर्ड कंपनीनें शर्यतीपुरती ‘थंडरबोल्ट’ काढली. अशा गाड्या शंभरच झाल्या. तिचें बॉनेट कांचतंतूचें होतें व त्यावर मोठा फुगवटा होता. पण तो फुगवटा उंच एंजिनाला जागा करून देण्यासाठीं. हवा घेण्यासाठीं कारागिरांनीं आंतल्या बाजूचे दोन दिवे काढून टाकले आणि त्या खोबणींतून जाड नळ्या थेट कार्बुरेटरपर्यंत नेल्या. गाडीचें कपाळ वाऱ्यास जेथें भिडतें, तेथेंच तोंड! या दुसऱ्या कारागिरांस मी मनोमन नमस्कार केला.

पॉन्टियॅकवाल्यांना आपल्या बंद तोंडाची लाज वाटली असावी, अथवा गिऱ्हाइकांनीं ती त्यांस वाटावयास लाविली असावी. कसेंहि असो, १९६५च्या ऑगस्टांत त्यांनीं स्कूपखालीं बसवावयाचें एक तबक व फोमची कडा असा संच दुकानांतून विकावयास ठेवला. ज्याला खरा श्वास हवा, त्यानें तो संच घेऊन गाडीवर चढवावा. त्याच साली कॅरोल शेल्बी यांची ‘जीटी ३५०’ आली, तिच्या कांचतंतूच्या बॉनेटवरील स्कूपचें तोंड मात्र आरंभापासूनच उघडें होतें. हे शेल्बी एके काळीं टेक्ससमध्यें कोंबड्या पाळीत, आणि १९५९ सालीं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकून आले होते. मोटारीच्या जगांत माणसें कोठून कोठें येतात, पाहा.

१९६८ सालीं क्रायस्लर कंपनीनें डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा या गाड्यांचीं शर्यतीसाठीं जीं रूपें केलीं, त्यांचे पुढचे पंखे व स्कूपसह बॉनेट कांचतंतूचें होतें, मागचें आसनच काढून टाकलें होतें. आणि १९६९च्या मध्यास त्याच घराण्याच्या सुपर बी आणि रोडरनर या गाड्यांस जें बॉनेट दिलें, त्याला बिजागऱ्याच नव्हत्या! काळें, निस्तेज रंगाचें, पुढें भलामोठा स्कूप. चार कोपऱ्यांस चार खिळी. उघडावयाचें म्हणजे दोघांनीं धरून, पंक्तींतलें मोठें पातेलें उतरवावें तसें, उचलून बाजूस ठेवावयाचें. एकट्या माणसानें पेट्रोलपंपावर तेल पाहावयाचें तर काय करावें, हा प्रश्न कंपनीनें गिऱ्हाइकावर सोडला होता.

त्याच वर्षीं मस्टॅंगवर ‘शेकर’ आला. हा स्कूप बॉनेटला नव्हे, एंजिनालाच जोडलेला. बॉनेटच्या भोंकांतून वर डोकावे आणि एंजिनाबरोबर थरथरे. शेव्हरोलेनें उलट दिशा धरली. पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं वारा अडून दाब साठतो, हें जाणून त्यांनीं तोंड मागें वळविलें. १९७०च्या शेव्हेल गाडींत पाय पूर्ण दाबला कीं मागच्या बाजूची झडप उघडे आणि एंजिन तेथून श्वास घेई.

पुढची उतरती कळा थोडक्यांत सांगतों. विम्याचे हप्ते वाढले, धुराविषयींचे कायदे कडक झाले, १९७३ सालीं तेलाचें संकट आलें आणि एंजिनें मंदावलीं. स्कूप मात्र गेला नाहीं. त्याचें तोंड तेवढें पुन्हां मिटलें. बळ गेलेल्या पैलवानानें मिशांस पीळ देत राहावें, तसें पुष्कळ गाड्यांचें झालें. शर्यतीच्या मैदानावर तो खरा राहिला. तेथील प्रो-स्टॉक गाड्यांवर तर तो हातभर उंच वाढला, मंद वाऱ्याच्या थराच्या वर तोंड काढण्यासाठीं. आणि २०१६ सालीं कार्बुरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी विजेची योजना सक्तीची झाली, तेव्हां त्या वर्गांतून तोहि नियमानें उतरविला गेला. आजच्या कांहीं गाड्यांवर जो स्कूप दिसतो, तो बहुधा टर्बोनें तापविलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवर वारा पाडण्यासाठीं असतो. सुबारू कंपनीच्या गाड्यांवर व आपल्या रस्त्यांवरील जुन्या फॉर्च्यूनरवर तो आपण पाहिला असेल.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारीं डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या मोटारींची मोठी यात्रा भरते. १९९५ पासूनची ही प्रथा. भाच्यानें मला तेथें नेलें. उभ्या असलेल्या गाड्यांच्या स्कूपमध्यें वाकून पाहणारा, टोपी घातलेला हा म्हातारा कोण, असें लोकांस वाटलें असेल. पण मालक मोठे अगत्यशील. ज्याचें तोंड उघडें, तो आपण होऊन बॉनेट उचलून दाखवी. ज्याचें बंद, तो रंगाविषयीं बोलूं लागे.

परत येतांना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, तोंड उघडावयाचें तर बॉनेट कापावें लागेल. एकदां करवत लागली कीं संपलें.” त्याचें भय खोटें नव्हतें. पन्नास वर्षांवर टिकलेला मूळ पत्रा, गाडीची किंमत पुष्कळ अंशीं अशा मूळ वस्तूंवर. आणि १९६८च्या मस्टॅंगपैकीं खरा उघडा स्कूप कंपनीकडून मिळाला, तो त्या वर्षीं एप्रिलांत आलेल्या ‘कोब्रा जेट’ एंजिनाच्या गाड्यांस. याच्या साध्या गाडीवर तो चढविणें म्हणजे नव्हतें तें दाखविणें, असेंहि कोणी म्हणेल. मीं म्हटलें, “हवा आंत गेली, तर दाखविणें कसलें?” शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं तोड काढली. भंगारांतून दुसरें बॉनेट आणावें, कापावयाचें तें त्याला कापावें, आणि मूळचें गोधडींत गुंडाळून भिंतीवर टांगावें. तसें केलें.

कामास दोन शनिवार लागले. गाळणीच्या डब्यावर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट हलकेंच मिटलें. गोळा जेवढा जाड उरला, तेवढी मधली जागा. ही कणीक ताईच्या परातींतली, आणि तिच्याबद्दल बोलणीं मला खावीं लागलीं. मध्यरेषा सुतानें आंखली. बॉनेटच्या आंतील आडव्या पट्ट्या वांचवून पत्रा कापला, कडा कानशीनें घासून लगेच रंगविली, नाहींतर तेथूनच गंज धरतो. स्कूपच्या आंतली भिंत कापून काढली, तेव्हां तोंडाची कड उघडी पडली. तिला तंतूंचे दोन थर देणें भाग होतें. राळेंत शेंकडा एक-दोन भाग उत्प्रेरक घालतात. मीं म्हटलें, “थोडें जास्त घाल, लौकर वाळेल.” दुधाच्या विरजणाचें शास्त्र मीं येथें लावलें. पांच मिनिटांत भांड्यांतली राळ आपोआप तापली, तिचा दगड झाला, धूर निघाला आणि भांडें वितळून खालीं बसलें. तें उत्प्रेरक डोळ्यांत उडालें तर दृष्टि जाते, म्हणून भाच्यानें मला आधींच चष्मा चढविला होता. नाकाला फडकें होतें. तरीहि घासतांना उडालेल्या कांचेच्या भुकटीनें माझे हात दोन दिवस खाजत होते.

स्कूप पत्र्यावर राळेनें चिकटवून सांधा बुजवावा, असें मला वाटे. शेजारी नको म्हणाले. उन्हांत कांचतंतूचें कवच लोखंडाहून अधिक वाढतें, आणि मग सांध्यावरचा रंग तडकून रेघ उमटते. म्हणून रुंद चकत्या घालून बोल्ट आवळले आणि सांधा उघडाच राहूं दिला. खालीं गाळणीभोंवतीं पत्र्याचें तबक, त्याच्या कडेला स्पंज. बॉनेट मिटतांच तो वर दाबून बसे, म्हणजे आंतली तापली हवा मध्यें शिरूं नये. पावसाचें पाणी जाण्यास तबकाला एक बारीक भोंक.

दुसऱ्या शनिवारीं संध्याकाळीं त्यानें एंजिन चालू केलें. मीं स्कूपपुढें हात धरला. वारा लागत नव्हता. हाताला किंचित् ओढ मात्र लागत होती. पायानें वेग वाढवितांच झाडाचें एक वाळकें पान माझ्या बोटांजवळून सरकून आंत गेलें, आणि तें गाळणीवरून काढण्यासाठीं पुन्हां बॉनेट उघडावें लागलें. दुसऱ्या दिवशीं भाच्यानें तोंडाला जाळी लाविली.

तिकडे हिंवाळ्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यापूर्वींच तो गाडी गॅरेजांत बंद करतो. यंदाहि केली आहे. उंदीर आंत घरटें करूं नये, म्हणून स्कूपच्या तोंडांत ताईनें शिवलेली एक लहानशी उशी बसविली आहे, असें त्यानें फोनवर सांगितलें.